आधी पातं बुडवा, मग ओढा : स्टँड-अप पॅडलबोर्डिंगचा स्ट्रोक आणि दुखापत टाळण्याचा क्रम

रामटेकजवळच्या खिंडसी तलावावरून पॅडलबोर्डिंग (बोर्डवर उभं राहून लांब दांड्याच्या वल्ह्याने, म्हणजे पॅडलने, पुढे जाणं) करून आलेल्या नवख्या माणसाची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. “भाऊ, अर्ध्या तासात खांदा भरून आला.” आणि त्यावरचा उपायही ठरलेला असतो : जिममध्ये खांद्याचं वजन वाढवायचं. त्याने काही होत नाही. खांदा दुखतो कारण पातं, म्हणजे पॅडलचा खालचा चपटा भाग, पाण्यात पूर्ण जायच्या आतच ओढायला सुरुवात होते, आणि ते पावलांच्या मागपर्यंत नेलं जातं. या दोन सवयी गेल्या की साध्या ताकदीचा माणूसही तासभर आरामात पॅडल मारतो.

खालचा क्रम शक्यतो मोडू नका. पडणं आणि थांबणं मी पुढे जाण्याच्या आधी ठेवलं आहे. लोकांना ते उलटं वाटतं, पण मागच्या वेळी पडताना मनगट मुरगळलेल्या माणसाला कोणताही स्ट्रोक, म्हणजे पॅडलचा फटका, शिकवता येत नाही.

१. पाणी आणि वेळ

पाणी दिसलं की बोर्ड टाकला, असं करू नका. अंबाझरी, फुटाळा हे नागपूर शहरातले तलाव आहेत. तिथे परवानगीशिवाय उतरायचं नाही. गोरेवाडा तलाव शहराच्या पाणीपुरवठ्याशी जोडलेला आहे. तोतलाडोह जलाशय पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो, त्यामुळे तो विषयच नको. शिकायला बरं म्हणजे जिथे बोटिंग आधीपासून चालतं, काठावर माणसं आणि जॅकेटं असतात अशी जागा. रामटेकजवळचा खिंडसी त्यासाठी सोयीचा, नागपुरापासून साधारण ५० किलोमीटर. मात्र उतरण्याआधी तिथल्या बोटवाल्यांना विचारा : मोटरबोट कोणत्या बाजूने फिरते, जाळी कुठे लावली आहेत, पाणी किती उतरलं आहे.

हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. जलाशयाचं पाणी उतरलं की बुडालेले खुंट आणि दगड पृष्ठभागाच्या जेमतेम खाली येतात. फिन (बोर्डच्या तळाला मागे लावलेला पंख) त्यावर अडकली की बोर्ड जागच्या जागी थांबतो आणि तुम्ही पुढे फेकले जाता. आपल्याकडच्या तलावांत शिंगाड्याचे वेल आणि मासेमारीची जाळीही असतात. थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या एका ओळीत तरंगताना दिसल्या तर त्याखाली जाळं आहे असंच समजा.

वेळेचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सूर्य उगवल्यानंतरचे दोन-अडीच तास. वारा पडलेला असतो, पाणी स्थिर असतं. धुकं असेल तर ते विरेपर्यंत काठावरच थांबा. एप्रिल-मेमध्ये जायचंच असेल तर उजाडल्याबरोबर उतरा आणि आठच्या आत बाहेर या. पारा पंचेचाळिशीला टेकतो त्या दिवसांत पाण्यावर असण्याने ऊन कमी होत नाही. खालूनही चकाकी अंगावर येते आणि अंगावर पाणी उडत असल्याने किती घाम गेला ते कळत नाही. उतरण्याआधीच पाणी किंवा ताक प्या, बोर्डवर ओआरएसची बाटली बांधा. तर्री-पोहे परतल्यावर. भरल्या पोटी, त्यातून तर्रीवर, कंबर पिळायचा व्यायाम सुचतोच कुणाला कोण जाणे.

इशारा : गडगडाट ऐकू आला की लगेच काठाकडे. उघड्या पाण्यावर उभा माणूस हा सगळ्यात उंच असतो, आणि हातात बहुधा ॲल्युमिनियमचा किंवा कार्बनचा दांडा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उलटेपर्यंत परत उतरू नका. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप मोबाइलमध्ये असू द्या. विदर्भात मान्सूनच्या आधी आणि परतीच्या पावसात वीज फार पडते.

२. पॅडल : लांबी आणि पात्याची बाजू

इथे दहातले निम्मे लोक चुकतात असं मला वाटतं, आणि चूक पाण्यात उतरल्यावर लक्षात येत नाही.

आधी लांबी. सपाट पाण्यासाठी पॅडल तुमच्या उंचीपेक्षा १५ ते २५ सेंटिमीटर जास्त असावं. उंची १६५ असेल तर १८५ च्या आसपास सुरुवात करा. लांब पॅडल घेतलं की वरचा हात प्रत्येक स्ट्रोकला डोक्याच्या वर जातो, कोपर बाहेर फाकतं आणि खांद्याच्या आतले स्नायुबंध हाडाखाली घासले जातात. आखूड पॅडलने कमरेत वाकावं लागतं. शंका असेल तर आखूडकडे झुका. कमरेचं पुढे दुरुस्त करता येतं.

मग दिशा. पॅडलचं पातं दांड्याशी सरळ नसतं, थोडं कललेलं असतं. पॅडल समोर धरल्यावर पात्याचं टोक तुमच्यापासून दूर, बोर्डच्या पुढच्या टोकाकडे गेलं पाहिजे. बघणाऱ्याला हे उलटं वाटतं. चमच्यासारखं आपल्याकडे वळवून धरावं असं मन सांगतं. मनाचं ऐकू नका. उलट्या पात्याने पाणी वर उचललं जातं आणि मनगटावर भार येतो. कंपनीचं नाव पात्याच्या ज्या बाजूला छापलेलं असतं ती बाजू बहुतेक पॅडलवर पुढे येते.

हातांमधलं अंतर काढायला पॅडल आडवं करून डोक्यावर ठेवा. एक हात वरच्या मुठीवर, दुसरा दांड्यावर, दोन्ही कोपरं काटकोनात. दांड्यावरचा हात जिथे आला तिथे रंगीत टेप गुंडाळा. थकल्यावर खालचा हात नकळत वर सरकत जातो. टेपमुळे ते लगेच दिसतं.

तपासा : वरचा हात मुठीवर, तळवा वरून. दोन्ही हातांनी दांडा झाडूसारखा धरला असेल तर पहिल्याच मिनिटाला थांबून बदला.

३. हवा भरणं

कंबर धरल्याच्या किती तक्रारी पॅडलिंगच्या नावावर जातात आणि प्रत्यक्षात पंपाच्या असतात, कुणी मोजत नाही. फुगवायच्या बोर्डला साधारण १२ ते १५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लागतं. तुमच्या बोर्डचा आकडा व्हॉल्व्हजवळ लिहिलेला असतो, तोच धरा. सुरुवातीला पंपाचा काटा हलतच नाही, तेव्हा पंप बिघडला म्हणून घाबरू नका; बोर्ड आकाराला आल्यावरच काटा उठतो. पाठ गोल करून हातांनी रेटू नका. पाय पंपाच्या पायऱ्यांवर घट्ट, गुडघे वाकवा, हात सरळ ठेवून अंगाचं वजन खाली सोडा. शेवटचे काही पीएसआय जड जातात, तेव्हा पंप एकेरीवर (फक्त खाली दाबताना हवा भरेल असा) टाका आणि जोडीदाराशी पाळी लावा.

कमी हवेचा बोर्ड मधोमध खचतो. त्यावर तोल राखायला पाय सतत ताठ धरावे लागतात, आणि तळपायात पेटके येतात. दुसऱ्या टोकाला, फुगवलेला बोर्ड उन्हात काठावर टाकून चहाला जाऊ नका. आतली हवा तापून दाब वाढतो, शिवण उसवू शकते. सावलीत ठेवा, सावली नसेल तर थोडी हवा सोडा.

फिन लावली का बघा. फिनची वक्र बाजू मागे झुकलेली हवी. “बोर्ड गोल गोल फिरून राहिला” असं ओरडणाऱ्याची फिन गाडीच्या डिकीत सापडल्याचं मी पाहिलं आहे.

लाइफ जॅकेट अंगात, सगळे बकल लावून. बोर्डवर बांधून ठेवलेलं जॅकेट जॅकेट नव्हे. कुणाला तरी खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. ते हनुवटीच्या वर सरकलं तर पट्टे आवळा. पायाला लीश, म्हणजे बोर्डला जोडलेली दोरी, बांधा; त्यामुळे पडल्यावर बोर्ड वाऱ्याने निघून जाणार नाही.

इशारा : घोट्याची लीश फक्त साचलेल्या पाण्यात. कन्हान किंवा पेंच नदीच्या वाहत्या पात्रात ती फांदीला अडकली तर प्रवाह तुम्हाला पाण्याखाली दाबून धरतो आणि हात घोट्यापर्यंत पोचत नाही. तिथे कमरेला, एका झटक्यात सुटणारी लीश लागते. नवशिक्यांनी वाहत्या पाण्यात जाऊच नये.

४. गच्चीवरचा सराव

तलावाच्या आधी दोन-तीन संध्याकाळी हे घरी करा. पाण्यावर तोल सांभाळताना नवीन हालचाल डोक्यात शिरत नाही.

खुर्चीवर बसा, गुडघे समोर. झाडूचा दांडा पॅडलसारखा उजवीकडे धरा : डावा हात वर, उजवा खाली. आता हात पुढे न ढकलता उजवा खांदा पुढे न्या. छाती डावीकडे वळेल. बसलेले असल्याने कंबर अडकलेली आहे, म्हणून वळण कुठून येतं ते स्पष्ट जाणवतं : बरगड्यांमधून. आता छाती परत उजवीकडे सोडा. दांडा मागे आला, आणि हातांनी काही केलंच नाही. स्ट्रोकची ताकद म्हणजे हीच.

मग उभे राहून आरशासमोर. पावलं खांद्यांइतक्या अंतरावर, बोटं समोर, गुडघे सैल. पुढे झुकायचं ते जांघेतून, पाठ सरळ ठेवून. समोरून बघितल्यावर दांडा उभा दिसला पाहिजे, म्हणजे वरचा हात खालच्या हाताच्या बरोबर वर. दांडा तिरका दिसत असेल तर वरचा हात अजून बाहेर न्या. बोर्डच्या कडेपलीकडे, पाण्यावर, असा.

५. गुडघ्यांवरून उभं राहणं

बोर्ड गुडघाभर ते मांडीभर पाण्यात न्या. फिन तळाला लागायला नको. मधल्या हँडलच्या दोन्ही बाजूंना गुडघे टेका आणि पहिली दहा मिनिटं गुडघ्यांवरच पॅडल मारा, हात दांड्यावर खाली घेऊन. पाणी कमरेच्या वर पोचलं की मग उभं राहायचा विचार करा, कारण उथळ पाण्यात पडणं हे खोल पाण्यापेक्षा वाईट.

उभं राहताना पॅडल बोर्डवर आडवं टेकवा, एक पाऊल गुडघ्याच्या जागी, मग दुसरं, आणि नजर काठाच्या झाडांवर ठेवून वर या. पायांकडे बघत उठणारे पडतात. उभं राहिल्या-राहिल्या पातं पाण्यात घाला आणि एक हलका स्ट्रोक मारा; थांबलेला बोर्ड जास्त डुलतो.

पायांची बोटं बोर्डला रोवली जात आहेत का, हे दर पाच मिनिटांनी बघा. तळपायाला मुंग्या येणं, पोटरीत गोळा येणं याचं मूळ तिथे असतं. बोटं उचलून हलवा, टाचा एकेक करून वर-खाली करा.

६. पडणं

मुद्दाम पडा. जिथे तळ लागत नाही पण काठ जवळ आहे अशा जागी, बाजूला, पाठीवर किंवा बुडावर पसरून. उडी नको, सूर तर अजिबात नको. पॅडल बोर्डपासून दूर धरा. तोल जाताना बोर्डकडे हात टाकण्याची प्रतिक्रिया सगळ्यांची असते आणि मनगट, खांदा यांच्या वाईट दुखापती तिथेच होतात. तोल गेला की बोर्ड वाचवायचा नाही, पाण्यात जायचं, हे अंगात मुरेपर्यंत करा.

परत चढायला मधलं हँडल एका हाताने धरा, पाय मागे पृष्ठभागावर आणून लाथा मारा आणि पोटावर सरकत वर या. मागून किंवा पुढून चढायला जाऊ नका. ज्याला स्वतः परत चढता येत नाही त्याने काठापासून लांब जायचं नाही. हा नियम मी पोहता येणाऱ्यांनाही लावतो.

७. थांबणं

पातं पावलांच्या जरा मागे पाण्यात घाला आणि पुढे ढकला. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. छोटे, आलटून-पालटून. एकाच बाजूला जोरात केलं तर बोर्ड गर्रकन वळेल आणि तुम्ही सरळच जात राहाल, पाण्यात. एवढंच.

८. स्ट्रोक

उजव्या बाजूचा स्ट्रोक धरून लिहितो.

*पोच.* उजवा खांदा पुढे, छाती डावीकडे, जांघेतून थोडं झुका. हात लांब, पण कोपरं लॉक नाहीत. वरचा हात कपाळाच्या उंचीला. त्याच्या वर जात असेल तर पॅडल लांब आहे.

*पकड.* पातं पुढे पाण्यात सोडा, पूर्ण, दांड्याला जिथे जुळतं तिथपर्यंत. आवाज नको, शिंतोडे नकोत. आणि इथे क्षणभर थांबा. सगळा लेख लिहिला तो या क्षणासाठी. अर्धं पातं बाहेर असताना ओढलं की हवा पाण्यात ओढली जाते, फसफसतं, पॅडल सटकतं आणि तो झटका थेट खांद्यावर येतो. सुरुवातीचे दोन दिवस मनात म्हणा : “बुडव... ओढ.” दोन शब्दांमधलं अंतर नंतर आपोआप कमी होतं.

*ओढ.* पातं पाण्यात रोवलं आहे आणि बोर्ड त्याच्याकडे खेचायचा आहे, असं डोक्यात ठेवा. छाती परत सरळ करा, वरच्या हाताने दांड्यावर वजन द्या, कंबर पुढे आणा. कोपर वाकवून ओढू नका. श्वास इथे सोडा. पातं बोर्डला समांतर सरळ मागे येऊ द्या. बोर्डच्या गोल कडेला चिकटून आणलं तर बोर्ड उलट्या बाजूला वळत राहतो.

*सोड.* पातं पावलांपाशी आलं की स्ट्रोक संपला. मागे नेलं की तिरकं पातं पाणी वर उचलतं, बोर्डची शेपूट खाली दबते, वेग मरतो आणि खांदा मागे ताणलेल्या अवस्थेत भार घेतो. लांब ओढलं की जास्त वेग, हा गैरसमज फार चिवट आहे. बाहेर काढताना वरचा हात आत, छातीसमोर खाली आणा; पातं बाजूने अलगद निघेल.

*परत.* पातं पाण्याला लागूनच पुढे न्या, कड वाऱ्याला. खालच्या हाताची बोटं सैल सोडा. स्ट्रोकमध्ये विश्रांतीची जागा एवढीच. ती जे घेत नाहीत त्यांचं कोपर बाहेरच्या बाजूने दुखू लागतं.

सराव असा : दहा स्ट्रोक दोन्ही कोपरं पूर्ण सरळ, लाकडी ठेवून मारा. दिसायला विचित्र आहे, काठावरचे हसतील. पण हात बंद झाले की धड काम करतं, आणि पुढचे दहा स्ट्रोक नेहमीसारखे मारताना फरक कळतो.

तपासा : मित्राला बाजूने वीस सेकंदांचा व्हिडिओ काढायला सांगा. तीनच गोष्टी बघा. ओढ सुरू झाली तेव्हा पातं दिसत होतं का? बाहेर येताना ते पावलांच्या मागे होतं का? छातीवरचं जॅकेटचं बकल डावी-उजवीकडे वळतं का, की एकाच दिशेला रोखलेलं आहे? पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर ‘हो’ किंवा बकल स्थिर असेल तर वेग वाढवायचा नाही.

९. सरळ जाणं, बाजू बदलणं, वळणं

पाच-सहा स्ट्रोकनंतर बाजू बदला, दमण्याची वाट न बघता. आवडती बाजू प्रत्येकाची असते. तिकडेच मारत राहिलं की कमरेची एकच बाजू धरते. बदलताना वरचा हात दांड्यावर खाली येतो आणि खालचा मुठीवर जातो. हे विसरून हात आहे तसे ठेवले की अंग आडवं पिळून पॅडल मारावं लागतं.

वळायला गुडघे जास्त वाकवा, दांडा आडवा करा आणि पातं पुढच्या टोकापासून शेपटीपर्यंत मोठ्या अर्धवर्तुळात फिरवा. फक्त या स्ट्रोकला पातं पावलांच्या मागे नेलेलं चालतं, कारण त्याबरोबर छातीही वळते. छाती समोर ठेवून नुसता हात मागे नेऊ नका.

१०. वारा आणि लाटा

जाताना वाऱ्याच्या विरुद्ध, येताना वाऱ्याबरोबर. सुरुवातीला ताजे असता तेव्हा अवघड भाग उरकायचा. उभा माणूस शिडासारखा वारा धरतो, म्हणून वारा वाढला की गुडघ्यांवर बसा, पॅडल आखूड करा. त्यानेही जमेना तर पोटावर झोपा, पॅडल छातीखाली दाबा आणि हातांनी पाणी मारत जवळच्या काठाला लागा. गाडी जिथे लावली तोच काठ गाठायचा हट्ट नको; काठाने चालत येता येतं. बोर्ड सोडून पोहत निघणं ही मात्र मोठी चूक. बोर्ड बुडत नाही, माणूस दमतो.

मोटरबोटीची लाट आली तर बोर्डचं टोक तिच्याकडे वळवा, गुडघे सैल, पातं पाण्यात. बाजूने लाट घेऊ नका.

११. दुखणं कोणतं, हे ओळखा

दुसऱ्या दिवशी बरगड्यांच्या बाजू, पोट आणि पाठीचा वरचा भाग आंबला असेल तर तंत्र बरोबर चाललं आहे. फक्त दंड आणि खांदे दुखत असतील तर हातांनी ओढताय. आठव्या टप्प्यातल्या लाकडी हातांकडे परत जा. कमरेत खालच्या बाजूला ताण असेल तर तुम्ही पाठ गोल करून झुकताय, किंवा पॅडल आखूड आहे.

काही दुखणी सरावाने जात नाहीत. खांद्याच्या पुढच्या किंवा वरच्या बाजूला टोचणं, रात्री त्या कुशीवर झोपता न येणं, हात वर नेताना मधेच कळ येणं, बोटांना मुंग्या, कमरेतून पायात उतरणारी कळ : यापैकी काहीही असेल तर पॅडल बंद, आणि अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. तेल लावून मालिश करून रविवारी परत उतरण्याचा सल्ला देणारे ओळखीत दोन-चार असतातच. त्यांना चहा पाजा, सल्ला घेऊ नका.

पाण्यावर असताना डोकं दुखणं, मळमळ, चक्कर सुरू झाली तर ते उन्हाचं आहे. बसा, काठाला या, सावलीत अंग ओलं करा, वारा घाला, घोट-घोट पाणी. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा गुंगीत गेला तर तोंडात पाणी ओतू नका; अंग गार करत राहा आणि १०८ ला फोन लावा.

दुखापतीनंतर परत सुरू करताना आधीच्या निम्मा वेळ, पॅडल दोन-तीन सेंटिमीटरने आखूड, आणि वारा नसलेली सकाळ. पहिली काही मिनिटं गुडघ्यांवर, मग उभे. तीच कळ परत आली तर त्या दिवशीचं तिथेच थांबवा, गुडघ्यांवर बसूनच काठाला या आणि तपासणीची पुढची तारीख अलीकडे घ्या.